उशाशी आलेली बेल

सकाळपासून माझ्या पुस्तकाचं एकच पान उघडं होतं. वृद्धाश्रमाची तपासणी होती. शेजारच्या खाटेवरच्या शिंपीबुवांना चालता येत नाही. ते सारखी बेल दाबतात, म्हणून तिची वायर सिस्टर उंच खिळ्याला गुंडाळते. परवा खाटेवरूनच ती वायर ओढायला गेले आणि खाली कोसळले. आज बेल त्यांच्या उशाशी होती. “कपाळाला काय लागलं, आजोबा?” तपासायला आलेल्या बाईंनी विचारलं. “दाढी करताना कापलं.” “कपाळावर दाढी?” “म्हातारपणी कुठेही उगवते, बाई!” सगळे हसले, सिस्टर जरा जास्तच. तक्रार केली तर आश्रमातली जागा जाईल, ही धास्ती शिंपीबुवांना होती, मलाही. बाई दाराशी पोहोचल्या. पुस्तक मिटून मी म्हणालो, “बाई, उद्याही याल?” “उद्या कशाला?” “न कळवता या. बेल कुठे असते ते दिसेल.” बाईंनी सिस्टरला बाहेर पाठवलं आणि खुर्ची शिंपीबुवांच्या खाटेजवळ ओढली.