गाढ झोप

"पेशंटने सिगारेट सोडली, तर नर्सने काय करायचं?" नर्सिंगच्या वर्गात मॅडमनी विचारलं.

"पाठ थोपटायची!" सगळ्या एका सुरात ओरडल्या. सगळ्यांत मोठा आवाज तिचा. गेल्याच महिन्यात तिने दादाला गळ्याची शपथ घालून सिगारेट सोडायला लावली होती.

"थोपटा. पण आधी डॉक्टरांच्या कानावर घाला. मनाच्या आजारावरच्या काही गोळ्यांचा जोर सिगारेटच्या धुराने कमी होतो. धूर थांबला, की तोच डोस अंगावर येतो. पेशंट नुसता पडून राहतो, आणि घरचे म्हणतात, चला, सुधारला एकदाचा!"

वर्ग हसला. तीही हसली.

मॅडमनी फळ्यावर एका गोळीचं नाव लिहिलं. रोज जेवण झाल्यावर ती दादाच्या तळहातावर ठेवायची, तीच गोळी. तिने नाव वहीत उतरवून घेतलं, पट्टी धरून त्याखाली सरळ रेघ मारली आणि पेनाला टोपण लावलं.

त्याच दिवशी सकाळी आई दादाला हलवून हलवून उठवत होती, तेव्हा तिनेच आईचा हात धरला होता.

"राहू दे गं आई. किती वर्षांनी असा गाढ झोपलाय."