विकतचं रडणं

घानातल्या टेशी गावात आम्ही हव्या त्या आकाराच्या शवपेट्या बनवतो. कोळ्याला माशाची, ड्रायव्हरला ट्रकची. बाबांनी बातम्यांच्या एका मोठ्या साइटवर दुकानाचा बॅनर लावला होता. "एवढी मोठी साइट आपली लिंक देते म्हटल्यावर गूगलवर आपण वर येणारच," असं ते म्हणायचे. वर्ष संपलं तरी आमचं दुकान शोधून सापडत नव्हतं.

"बाबा, पैसे देऊन लावलेली लिंक गूगल धरतच नाही. लोकांनी आपणहून लिहायला हवं."

"अगं कोरकोर, मयताला रडायला पैसे देऊन बायका आणतातच ना? खरं कोण रडतंय ते कोण तपासतं?"

"गूगल तपासतं."

गिऱ्हाइकं आटली, सुतार एकेक करून दुसरीकडे गेले. शेवटी रिकाम्या दुकानात बाबांनी एकट्यानं मोबाइलच्या आकाराची, माणूसभर लांबीची पेटी केली. तिच्या स्क्रीनवर गूगलचं पान रंगवलं आणि त्यात आमचं दुकान सगळ्यात वर घातलं. कोणासाठी म्हणून विचारलं, तर म्हणाले, "आहे एक गिऱ्हाईक."

फेब्रुवारीत त्याच पेटीतून आम्ही त्यांना नेलं. रडायला एकही बाई विकत आणावी लागली नाही. पेटीचे फोटो देशोदेशी फिरले. कुठल्या कुठल्या अनोळखी माणसांनी बाबांवर आपणहून लिहिलं आणि प्रत्येकानं दुकानाची लिंक दिली.

आज सहज शोधून पाहिलं. आमचं दुकान सगळ्यात वर आहे.

नावाखाली लाल अक्षरांत लिहिलंय: कायमचं बंद.