नवव्या तळघरातलं मळभ

जमिनीखाली नवव्या मजल्यावर इंदुताई पाटकरांनी जुन्या लुगड्यावर कुरडया वाळत घातल्या होत्या. झाडाच्या फांद्यांसारख्या पसरलेल्या काचेच्या नळ्यांतून वरचं ऊन थेट तिथवर उतरत होतं. ही नवी व्यवस्था तपासायला आलेला इंजिनिअर प्रसन्न मीटर धरून उभा होता.

एकाएकी मळभ आलं. शेजारच्या बायका दारं उघडून धावल्या आणि भराभर कुरडया गोळा करू लागल्या.

"काकू, इथं पाऊस येत नाही," प्रसन्न हसून म्हणाला. "वर ढग आला की उजेड कमी होतो, एवढा एकच दोष राहिलाय. आता तोही जाईल."

त्यानं भिंतीवरचं बटण दाबलं. छतातले दिवे लागले आणि सगळीकडे लख्ख, एकसारखा उजेड झाला. बायकांचे हात थांबले.

इंदुताईंनी उठून दिवे बंद केले आणि बटणाला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"इतकी वर्षं असल्याच दिव्यांच्या उजेडात काढली आम्ही. वर अंधारून आलंय ना? मग इथंही अंधारू दे."

"पण काकू, माझा रिपोर्ट..."

"तो नंतर लिहा. आधी लुगड्याचं ते टोक धरा, कुरडया भिजतील."