उंदरांचं काळीज

“काळजाला जप गं, माझे मैने,” मावशी ओवीत गायची. शाल्मली मोठी झाली आणि प्रयोगशाळेत उंदरांची काळजं, म्हणजे यकृतं, जपू लागली. औषधाने यकृत बिघडवायचं आणि सरांच्या लाडक्या पॉलिमरने ते वाचवायचं, यावर तिची पीएचडी लटकली होती.

“बघा, एकेक यकृत कसं तुकतुकीत!” सरांनी पाहुण्यांसमोर पेढा तोंडात टाकला. पॉलिमरला संजीवनी म्हणून झालं होतं, आता फक्त आरती ओवाळायची बाकी होती.

“अगं, सुतकात असल्यासारखी काय उभी? सांग की पाहुण्यांना!”

प्रबंधावर सही सरांचीच लागणार, म्हणून ती आठवडाभर गप्प होती.

“सर, पॉलिमर न दिलेल्या उंदरांची यकृतंही अशीच तुकतुकीत आहेत. यकृत बिघडवणारं आपलं औषध कुणालाच बाधलं नाही.”