यमकात गुंडाळलेलं नाव

“नवऱ्याचं नाव असं उघडं घ्यायचं नसतं, पमे. यमकात गुंडाळून घ्यायचं.” आईचा आवाज. वाईच्या परसातला, हळदीच्या दिवशीचा. त्या आवाजाला चाळीस वर्षं झाली होती, तरी त्याची ओल गेली नव्हती.

प्रमोदिनीसमोरच्या ताटलीत हॅगिस गार होत चाललं होतं.

इंग्लंडमधल्या स्लाऊ गावी, तिथल्या स्कॉटिश लोकांच्या क्लबात दर जानेवारीत त्यांच्या राष्ट्रकवीच्या नावाने जेवण असायचं. यंदाचं २००७चं. आधी हॅगिस यायचं. मेंढीच्या काळजा-फुप्फुसांचं ते बोचकं बॅगपाइपच्या मागोमाग वरातीसारखं मिरवत आणायचे. मग कविता, मग व्हिस्की. मग एक पुरुष उठून बायकांची थट्टा करायचा आणि एक बाई उठून त्याला उत्तर द्यायची. हे उत्तर प्रमोदिनी द्यायची, उखाण्यात. आधी मराठीत, मग त्याचा अर्थ इंग्रजीत. तिचा नवरा आणि तिची मैत्रीण मोराग हिचा नवरा अ‍ॅलिस्टर एकाच कारखान्यात होते, तेव्हापासूनची ही पद्धत.

गेल्या वर्षी मोराग आली नव्हती. इथूनच घरी जाताना प्रमोदिनी आणि तिच्या नवऱ्याची गाडी बर्फावरून घसरून झाडावर आदळली. मागे बसलेला अ‍ॅलिस्टर जागच्या जागी गेला. गाडी मी चालवत होते, असं प्रमोदिनीने पोलिसांना सांगितलं. कोर्टाने तिचं लायसन्स काढून घेतलं.

आज मोराग मुद्दाम तिच्याच शेजारी बसली होती. खांद्यावर अ‍ॅलिस्टरचा चौकडीचा मफलर.

“खा थोडं,” मोराग म्हणाली. “तो असता तर तुझ्या ताटलीतलंही त्यानेच संपवलं असतं.”

“मी आज बोलणार नाही, मोराग. दुसऱ्या कुणाला तरी उठव.”

“तूच बोलायचं. त्याला तुझं ते गाणं फार आवडायचं. एक शब्द कळायचा नाही, तरी घरी जाऊन मला म्हणून दाखवायचा. कसलं भयंकर म्हणायचा.” ती हसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, “लोक विचारतात मला, तिच्याशेजारी बसवतं कसं तुला? मी सांगते, ती बाई थेंबभरही प्यायली नव्हती. बर्फ होता, त्याला कोण काय करणार? दारू पिऊन कुणी मारलं असतं ना त्याला, तर मी सोडलं नसतं.”

प्रमोदिनीने पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला.

तिकडे तिचा नवरा उठला होता. कमरेला क्लबाचा किल्ट, मागे भिंतीवर कवीची तसबीर, हातात भरलेला ग्लास. बायकांची थट्टा करायचा मान यंदा त्याचा होता. हा मान आजवर अ‍ॅलिस्टरचा असायचा.

“बायकांवाचून आमचं चालत नाही, हे कबूल,” तो म्हणाला. “पायमोजेसुद्धा सापडत नाहीत.” लोक हसले. त्या हसण्याने त्याला जोर आला. “माझ्या बायकोचं तर लायसन्सच गेलंय. तेव्हा मंडळी, निर्धास्त प्या. आज रस्ते सेफ आहेत.”

हसू उठलं आणि मध्येच विझलं. कुणाचा तरी काटा ताटलीवर वाजला. मोराग मान खाली घालून बसली होती. टेबलाखाली तिने प्रमोदिनीचा हात चाचपला आणि घट्ट धरला.

“ऊठ,” ती म्हणाली. “दे त्याला उत्तर.”

हात उबदार होता. त्या रात्री बर्फात प्रमोदिनीच्या कानाशी आलेला श्वासही असाच उबदार होता, व्हिस्कीच्या वासाचा. “पमा, तू चालवत होतीस म्हण. तू प्यायली नाहीस, तुला काही होणार नाही. मी आत जाईन गं.” मग टॉर्चचा उजेड आला, आणि उजेडामागून प्रश्न. कोण चालवत होतं? नाव सांगा. नाव तिच्या ओठांवर आलंच नाही. सगळा संसार ‘अहो’वर झालेला. यमकाशिवाय ते नाव तिच्या तोंडून कधी निघालंच नव्हतं.

ती उभी राहिली. खुर्च्यांची करकर थांबली. दर वर्षीसारखा पदर तिने खांद्यावर सारखा केला. नवऱ्याने कौतुकाने ग्लास तिच्या दिशेने उंचावला.

ती म्हणाली, दर वर्षीच्याच चालीवर,

“झाडांवर गोठलं दंव, रस्ता बर्फानं गार,
पुरुषोत्तमराव चालवत होते त्या रात्री कार.”

हॉलभर टाळ्या पडल्या. कुणी टेबलावर थाप मारली, कुणी ओळखीचं तेवढं नाव उचलून जोरात म्हटलं. मोराग मफलरने डोळे पुसत होती आणि पुसता पुसता टाळ्या वाजवत होती.

एकाच माणसाने टाळी वाजवली नाही. उंचावलेला ग्लास हळूहळू खाली आला.

“पमा,” तो मराठीत म्हणाला, चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून. “खाली बस. आपण घरी बोलू.”

“आणि आता इंग्रजीत,” क्लबाचा अध्यक्ष इयन नेहमीच्या उत्साहात म्हणाला.

टाळ्या पुरत्या थांबेपर्यंत ती उभी राहिली. मग मोरागकडे वळून तिने अर्थ सांगितला. या वेळी यमकाशिवाय.