दाजी

तेराव्याची पंगत उठली, तशी डिंडोलीच्या त्या दोन खोल्यांत पुढची बोलणी सुरू झाली. जयश्री बाळंतपणात गेली होती, पोटातलं बाळही गेलं. मोठी कृपा चार वर्षांची. ती बापाच्या, धर्मेंद्रच्या, मांडीवर बसून होती.

"पोरीला घरचंच माणूस पायजे," धर्मेंद्रचे काका लक्ष्मण म्हणाले. "जयश्रीची बहीण आहे ना, योगिता. बाहेर कशाला बघायचं?"

योगिताच्या बापाने, दगाने, नुसती होकाराची मान हलवली.

आतल्या खोलीत चहा गाळता गाळता योगिताचा हात थांबला. दाजी म्हणजे बहिणीचा नवरा. ज्याच्या गाडीवर मागे बसून परीक्षेला गेलं तरी कोणी बोट दाखवत नाही, असा माणूस. ती तशी गेलीही होती. बारावीचे सगळे पेपर होईपर्यंत.

"आते त्यासले दाजी नको म्हनू," आई, सरलाबाई, हळूच म्हणाली.

"मंग काय म्हनू?"

"काहीच नको म्हनू. मी तुना बापले कधी काय म्हनस?"

"आई, माले नही करनं."

सरलाबाईचे रडून सुजलेले डोळे पुन्हा भरले. "परकी बाई उनी तं कृपाना हाल व्हतीन," ती म्हणाली आणि कपांचा ट्रे तिने लेकीच्या हातात दिला.

योगिता बाहेर आली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "दाजी, चहा."

दगाने घसा खाकरला.

"दाजी, तुम्हीच सांगा ना यांना."

तो नाही म्हणेल, असं तिला अजून वाटत होतं. धर्मेंद्रने वर पाहिलं नाही. कप घेऊन बाजूला ठेवला, कृपाला मांडीवरून उतरवलं, तिच्या पाठीवर हात ठेवून तिला योगिताकडे वळवलं.

"जा बेटा," तो म्हणाला. "मम्मीकडे जा."

कृपाचा चेहरा एकदम उजळला. योगिताच्या बाजूने ती उघड्या दारातून बाहेर धावली, आणि गॅलरीचे गज दोन्ही हातांनी धरून खाली गल्लीत पाहू लागली.