गार झालेला चहा

चहाचा पेला समोर येऊन बराच वेळ झाला, तरी लू गुरुजींनी बाहीत दडवलेले हात बाहेर काढले नव्हते.

समोर गुडघे टेकून बसलेली मुलगी दोन्ही हातांनी पेला धरून होती. चीनमधल्या त्या गावात लाकडावर कोरीवकाम करणाऱ्यांची रीतच तशी. गुरूने चहा घेतला तर शिष्य पत्करला, नाही घेतला तर उठून घरी जायचं. जमलेले गाववाले कुजबुजू लागले. "म्हाताऱ्याला ही पसंत नाही वाटतं! विद्या काय थडग्यात नेणार आहे?"

गुरुजींच्या कपाळावर घाम फुटला. मुलगी त्यांना पसंत होती. इतक्या वर्षांत शिकायला आलेली ती एकटीच. पण पेला उचलला की हातांची थरथर चारचौघांत उघडी पडणार. कापऱ्या हातांच्या माणसाकडून पटाशी धरायला कोण शिकेल? ही आल्या पावली परत जाईल.

शेवटी मनाचा हिय्या करून त्यांनी हात पुढे केले. पेला डगमगला, चहा हिंदकळून मुलीच्या मनगटावर सांडला.

तिने पेला सोडला नाही. त्यांच्या बोटांवर आपली बोटं घट्ट ठेवून ती हळूच म्हणाली, "गुरुजी, देवळाच्या नव्या दारावर तुम्ही सारस कोरलेत ना, त्यांच्या पिसांतली रेघ थरथरलीय. ती पाहिली, म्हणूनच उशीर व्हायच्या आत धावत आले."

गुरुजींनी तिच्या हातांसकट पेला ओठांना लावला.

"गार झालाय," ते करवादले, आणि तळापर्यंत प्यायले.